एकाच गावातील उंचीचे अंतर: घराची ऐपत आणि बालकांची वाढ मोजण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२२

आम्ही तिघे जण नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात, चार गावांच्या पाड्यांवर बालपोषणाचे काम करतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यामुळे बैठकींमध्ये चर्चा नेहमी जिल्ह्याच्या सरासरीवर होते आणि गावाच्या आतल्या फरकाविषयी कोणी विचारलेच तर ‘तिथे सगळेच गरीब’ एवढ्यावर विषय संपतो. अंगणवाडीच्या ताईंचे म्हणणे मात्र वेगळे आहे. कुपोषित मुलांच्या नोंदवहीतून ज्यांचे नाव वर्षानुवर्षे हलत नाही, ती त्याच तीन-चार पाड्यांवरची आणि त्यातही ठरावीक घरांतली असतात, असे त्या सांगतात. हे म्हणणे आकड्यांत तपासता येते का, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे.

मोजमापासाठी आम्ही वयाच्या मानाने कमी उंची निवडली. वजन एका आजारपणात उतरते आणि महिन्याभरात भरूनही निघते, पण खुंटलेली उंची ही अनेक वर्षांच्या उपासमारीची आणि वारंवार झालेल्या आजारांची जमा बाकी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांतील मध्यकापासून (त्या वयाच्या मुलांच्या मधल्या उंचीपासून) उणे दोन प्रमाण विचलनाच्या (मुलांच्या उंचीत सहज आढळणाऱ्या फरकाच्या मापाच्या) खाली उंची असलेले मूल खुजे, ही व्याख्या आम्ही जशीच्या तशी घेतली. कामासाठी तीन महिने आणि ४०,००० रुपये धरले आहेत. कोणी दुसऱ्या तालुक्यात हेच करू पाहत असेल तर त्याचा वेळ वाचावा, यासाठी चुकांसह सर्व लिहून ठेवत आहे.

२८ सप्टेंबर २०२२

स्वतः मोजायला निघण्यापूर्वी हातातल्या सरकारी आकडेवारीवर सराव करायचे ठरवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची घरनिहाय माहिती, म्हणजे २०१९-२१ ची, नोंदणी करून विनामूल्य मिळते. हे सर्वेक्षण मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले आहे. महाराष्ट्राच्या अहवालात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण ३५.२ टक्के दिले आहे आणि चौथ्या फेरीत ते ३४.४ टक्के होते. मूळ माहितीवरून ३५.२ हा आकडा स्वतःला काढता येईपर्यंत पुढे जायचे नाही, असा नियम केला. हा नियम संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत उपयोगी निर्णय ठरला.

पहिल्या दिवशीचा आमचा आकडा बराच कमी आला. सूत्र तीनदा तपासले आणि त्यात दोन दिवस घालवले. दोष सूत्रात नव्हताच. ज्या मुलांचे मोजमाप अशक्य कोटीतले ठरले किंवा ज्यांचे वय नीट कळले नाही, त्यांच्या रकान्यात ९९९६ ते ९९९९ असे सांकेतिक अंक घातलेले असतात. आम्ही ‘उणे २०० पेक्षा कमी म्हणजे खुजे’ अशी अट लावली होती आणि त्या अटीप्रमाणे ९९९८ हे मूल धट्टेकट्टे ठरत होते. (या फायलीत विचलनाचे आकडे शंभरपटीने साठवलेले असतात, म्हणून उणे दोनच्या जागी उणे दोनशे.) ते सर्व सांकेतिक अंक आधी गाळायचे आणि मगच भाजक मोजायचा.

६ ऑक्टोबर २०२२

सांकेतिक अंक गाळूनही आकडा किंचित चुकत होता. कारण सापडायला आणखी चार संध्याकाळी लागल्या. आम्ही बालकांची स्वतंत्र फाइल वापरली होती आणि ती आईच्या मुलाखतीशी जोडलेली असते. आई हयात नाही, आई कामासाठी परगावी गेली आहे किंवा तिची मुलाखत झालेली नाही, अशी मुले त्या फाइलमध्ये येतच नाहीत. अहवालातला तक्ता मात्र कुटुंबातील व्यक्तींच्या फाइलवरून केलेला असतो आणि त्यात आदल्या रात्री त्या घरात झोपलेली सर्व मोजलेली मुले धरलेली असतात. ती फाइल घेतली, आदल्या रात्रीच्या मुक्कामाची अट लावली, भारांक (नमुन्यातले एक घर किती घरांच्या वतीने मोजायचे तो आकडा) लावला आणि ३५.२ आले.

हा तपशील तांत्रिक वाटेल, पण आमच्या प्रश्नाचा तो गाभाच आहे. आईवेगळी मुले आणि आजीजवळ मागे ठेवलेली मुले ही बहुधा सर्वांत हलाखीच्या घरांतली असतात. फाइल निवडताना ती गळली तर विषमता मोजण्यापूर्वीच ती थोडी पुसली जाते.

१४ ऑक्टोबर २०२२

आता घराच्या ऐपतीकडे वळलो. या सर्वेक्षणात उत्पन्न विचारलेले नसते. घराची जमीन, छप्पर, शौचालय, पाणी, इंधन आणि पंखा, दूरचित्रवाणी, फ्रीज, दुचाकी अशा वस्तूंवरून प्रत्येक घराला एक गुण दिला जातो आणि त्या गुणाप्रमाणे लोकसंख्येचे पाच समान गट पाडले जातात. संपूर्ण देशात सर्वांत गरीब गटातील ४६ टक्के मुले खुजी आहेत, सर्वांत सधन गटातील २३ टक्के. हे चित्र पाहून आम्हाला वाटले की गावांमध्येही हीच पट्टी लावली की काम झाले.

ती लावून पाहिली आणि अडकलो. पाच समान गट देशाच्या लोकसंख्येचे असतात, महाराष्ट्राचे नव्हे. राज्यातील घरे त्या गटांमध्ये समान वाटली जात नाहीत. मुंबई-पुण्याकडची घरे वरच्या गटांत गोळा होतात, तर आमच्याकडची जवळजवळ सगळी तळाच्या गटात जातात. ओळखीच्या वीस घरांवर प्रयोग केला तेव्हा चार एकर बागायत असलेले घर आणि डोंगरउतारावरच्या दीड एकर वरकस जमिनीवर जगणारे घर एकाच गटात पडले. एकाच गटात सगळे असतील तर विषमता शून्यच दिसणार, आणि मग ‘तिथे सगळेच गरीब’ या वाक्याला संगणकाचाही दुजोरा मिळणार.

राज्यापुरते काम करणाऱ्यांनी तयार गट न वापरता, घराला दिलेला मूळ गुण घेऊन राज्यातल्या राज्यात भारांकासह नव्याने क्रम लावावा, तेवढे पुरते. गावपातळीवर तेवढ्याने भागत नाही, कारण हे सर्वेक्षण जिल्ह्याच्या पातळीपर्यंत बोलण्यासाठी आखलेले आहे. नमुना वस्त्यांचे नकाशावरचे स्थानही गोपनीयतेसाठी मुद्दाम काही किलोमीटर सरकवलेले असते. त्यामुळे आमची चार गावे त्यातून दिसणे शक्य नाही आणि स्वतःचे सर्वेक्षण करण्याला पर्याय उरला नाही.

३ नोव्हेंबर २०२२

वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रबंधांमध्ये वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्या तपासल्या. कुप्पुस्वामींची १९७६ ची पट्टी शहरी कुटुंबांसाठी आहे. उदय पारीक यांची १९६४ ची पट्टी ग्रामीण आहे, पण तिच्यातील जात आणि घराचा प्रकार या बाबी आमच्या गावांत सर्वांना जवळपास सारखेच गुण देतात. म्हणून बी. जी. प्रसाद यांची १९६१ ची दरडोई मासिक उत्पन्नाची पट्टी, चालू महागाई निर्देशांकानुसार रक्कम बदलून, घेण्याचे ठरवले आणि प्रश्नावल्या छापून आणल्या. खर्च १,९०० रुपये.

पहिल्या नऊ घरांतच हा मार्ग बंद झाला. येथे महिन्याचे उत्पन्न नावाची गोष्ट नसते. ज्वारी-मका घरात खाण्यासाठी येतो, थोडे सोयाबीन विकले जाते, मोहफुलांचे पैसे उन्हाळ्यात होतात आणि गुजरातेत ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून दिवाळीच्या सुमारास उचल घेते. एका घराने पन्नास हजारांची उचल ‘उत्पन्न’ म्हणून सांगितली आणि आमच्या तक्त्यात ते घर गावातील सर्वांत सधन ठरले. प्रत्यक्षात ते सर्वांत कर्जबाजारी घर होते, कारण उचल म्हणजे पुढच्या पाच महिन्यांच्या श्रमांचे आधीच घेतलेले आणि बहुधा पूर्ण न फिटणारे पैसे. उत्पन्नाचा रकाना आम्ही काढून टाकला. शिधापत्रिकेचा रंगही वापरून पाहिला. पिवळी पत्रिका दारिद्र्यरेषेखालील आणि केशरी त्यावरील, हे कागदावर स्वच्छ आहे, पण अलीकडे वेगळ्या झालेल्या तरुण जोडप्यांकडे पत्रिकाच नव्हती आणि नेमक्या त्याच घरांत लहान मुले अधिक होती.

१८ नोव्हेंबर २०२२

मोजणीची साधने. पैसे वाचवण्यासाठी गावातील सुतारकाकांकडून उंची मोजण्याच्या दोन लाकडी फळ्या करून घेतल्या, ५,२०० रुपयांत. काम सुबक होते. परंतु त्यांच्याकडचे लाकूड पुरेसे वाळलेले नव्हते आणि दोन आठवड्यांत एका फळीला बाक आला. एकाच मुलाची उंची दोन्ही फळ्यांवर मोजली तेव्हा अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक पडला. मुख्य म्हणजे प्रत्येक फळी ठरावीक दोन गावांत जात होती, त्यामुळे फळीतला दोष गावांमधला फरक म्हणून दिसू लागला असता. काकांचा यात दोष नाही. आम्ही घाई केली.

एक प्रमाणित फळी ११,५०० रुपयांना विकत घेतली आणि दुसरी एका परिचित संस्थेकडून काही महिन्यांसाठी मागून आणली. रोज सकाळी निघण्यापूर्वी ठरलेल्या लांबीच्या धातूच्या सळईने दोन्ही फळ्या तपासण्याची आणि दर तीन दिवसांनी त्यांची गावे अदलाबदल करण्याची पद्धत लावली. दोन वर्षांखालील मूल आडवे आणि दोन वर्षांवरील उभे मोजायचे. आडव्या मापात मूल सुमारे ०.७ सेंटिमीटर अधिक लांब भरते, म्हणून कोणते मूल कसे मोजले हे प्रत्येक ओळीत लिहायचे. आमच्या पहिल्या नोंदींत हे लिहिलेले नव्हते. त्या ओळी रद्द केल्या.

वयाची अडचण उंचीपेक्षा मोठी निघाली. बऱ्याच मुलांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून अशी होती, जी वास्तवातली असणे शक्य नव्हते. दोन वर्षांच्या मुलाचे वय तीन महिन्यांनी जास्त धरले गेले तर ते विनाकारण खुजे ठरू शकते. त्यातही माता-बाल संरक्षण कार्ड सांभाळून ठेवणारी घरे तुलनेने बऱ्या स्थितीतली होती. म्हणजे वयातली चूक सर्व घरांत सारखी पसरलेली नव्हती, ती गरीब घरांत जास्त होती, आणि अशी चूक विषमतेचा आकडा थेट बिघडवते. यावर उपाय म्हणून आशाताईंच्या बाळंतपणाच्या नोंदी, सण आणि शेतीच्या कामांचा एक स्थानिक पंचांग-तक्ता केला आणि कार्ड नसलेल्या प्रत्येक मुलाचा जन्म ‘भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) आधी की नंतर’, ‘भात लावणीच्या वेळी की कापणीच्या’ अशा प्रश्नांनी निदान महिन्यापर्यंत आणला. एका मुलामागे वीस मिनिटे गेली आणि ती सार्थकी लागली.

२१ नोव्हेंबर २०२२

आज मोजणी अर्ध्यावर थांबवली. एका पाड्यावर सव्वा वर्षाच्या मुलीच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला, म्हणजे ती तीव्र कुपोषित होती, आणि तिला तापही होता. तिच्या आईला व आजीला घेऊन आमची गाडी आरोग्य केंद्राकडे गेली. दिवसाची उरलेली सतरा घरे राहिली. पुढच्यासाठी असे ठरवले आहे की मोजणीच्या प्रत्येक दिवशी एक गाडी व एक माणूस राखीव ठेवायचा. ज्या घरात मूल इतके अशक्त आढळते त्या घरात जाऊन फक्त आकडा लिहून परत येणे आम्हाला मान्य नाही. असे पाऊल उचलण्याची सोय नसेल तर मोजणीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

५ डिसेंबर २०२२

चौदा दिवसांची मोजणी रद्द करावी लागत आहे. दूरच्या दोन पाड्यांवर गेलो तर एकामागून एक घरांना कुलूप किंवा काटेरी फांदी लावलेली. दिवाळी २४ ऑक्टोबरला झाली आणि त्यानंतर मुकादमांच्या गाड्या येऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघून गेली, मुलांसह. आम्ही सुरुवातीला ही घरे ‘अनुपलब्ध’ लिहून पुढे जात होतो. तिसऱ्या दिवशी यादी पाहिली तेव्हा जी घरे बंद होती ती नेमकी तीच होती, ज्यांच्याविषयी अंगणवाडीच्या ताईंनी सुरुवातीला सांगितले होते. उरलेल्या घरांवरून काढलेली विषमता खऱ्यापेक्षा कमीच आली असती आणि तीसुद्धा आत्मविश्वासाने सांगण्याजोग्या आकड्यांत.

हे आम्हाला आधी कळायला हवे होते, कारण दरवर्षी हे आमच्या डोळ्यांसमोर घडते. कामाचे वेळापत्रक मात्र निधीच्या तारखांप्रमाणे केले होते. दुभाष्या म्हणून पावरी बोलणारे दोन तरुण घेतले होते, त्यांची रोजंदारी ११,२०० रुपये आणि गाडीचा ९,३०० रुपये खर्च यात गेला.

९ जानेवारी २०२३

स्थलांतरितांची वाट पाहण्याच्या काळात पहिल्या फेरीच्या माहितीवर वस्तूंचा निर्देशांक बनवून पाहिला. एक्सेलमधून ‘आर’ या मोफत संगणक प्रणालीवर आलो, ते बरे झाले. मुख्य घटक विश्लेषण नावाची रीत कोणत्या वस्तू एकत्र आढळतात ते पाहून प्रत्येक वस्तूला आपोआप वजन देते. मोबाइल व बँक खाते जवळपास सर्वांकडे असल्याने त्यांतून काहीच कळत नव्हते, फ्रीज व दुचाकी मूठभरांकडे असल्याने त्यांना मोठे वजन मिळाले, आणि शेळ्यांना उणे वजन मिळाले. शेळ्या दूरच्या पाड्यांवर जास्त, तिथे इतर वस्तू कमी, म्हणून गणिताने शेळी हे गरिबीचे लक्षण ठरवले. पंधरा शेळ्या बाळगणारे घर एकही शेळी नसलेल्या घरापेक्षा गरीब ठरले. अडीनडीला शेळी विकून दवाखान्याचा खर्च निघतो, हे गणिताला कोठून कळावे? वजने तपासल्याशिवाय असा निर्देशांक वापरू नये.

दुसरा दोष अधिक लपलेला होता. खालच्या निम्म्या घरांचे गुण एकसारखे आले. क्रम लावताना एक्सेलने समान गुणांच्या घरांना ओळींच्या क्रमाने, म्हणजे आम्ही ज्या क्रमाने घरांना भेट दिली त्या क्रमाने, वेगवेगळे क्रमांक दिले होते. ओळी उलट्या लावल्या की उत्तर बदलत होते. समान गुणांच्या सर्वांना त्यांच्या क्रमांकांची सरासरी द्यावी लागते.

विषमतेचा आकडा, म्हणजे केंद्रीकरण निर्देशांक, कसा निघतो आणि त्यात क्रम का महत्त्वाचा हे समजण्यासाठी कागदावर दहा मुलांचे उदाहरण मांडले, ते येथे देतो. दहा मुले सर्वांत गरीब घरापासून सर्वांत सधन घरापर्यंत ओळीने उभी आहेत आणि त्यांतली पहिली, दुसरी, तिसरी व पाचवी खुजी आहेत. प्रत्येकाचे स्थान ०.०५, ०.१५, ०.२५ असे दहाव्या मुलाच्या ०.९५ पर्यंत वाढत जाते. चार खुज्या मुलांच्या स्थानांची बेरीज ०.९० येते. तिची दुप्पट करून चाराने भागले की ०.४५ आणि त्यातून एक वजा केला की उणे ०.५५. हाच केंद्रीकरण निर्देशांक. तो शून्य असेल तर खुजेपणाचा भार सर्व स्तरांवर सारखा आहे आणि जितका उणे तितका तो गरिबांकडे झुकलेला आहे. आता पहिल्या चार मुलांचे गुण समान असतील तर त्यांपैकी प्रत्येकाचे स्थान ०.२० धरायचे. संगणकाला काम देण्यापूर्वी एवढे हाताने करून पाहावे.

१३ फेब्रुवारी २०२३

निर्देशांकाचा प्रश्न गावातल्या बायकांनी सोडवला. चारही गावांत बचत गटाच्या बैठकीनंतर घरटी एक चिठ्ठी केली आणि त्यांना विचारले की कोणाचे कसे चालले आहे त्याप्रमाणे ढीग करा. आम्ही कोणतीही व्याख्या दिली नाही. दोन वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे लावलेले ढीग मोठ्या प्रमाणात जुळले. मग त्यांनी ढीग कशावरून लावले ते विचारले. स्वतःच्या शेतातले धान्य किती महिने पुरते, घरची बैलजोडी आहे की दुसऱ्याची मागून आणावी लागते, किती माणसे तोडीला जातात, मागील उचल फिटली का, आणि घरात हाताशी कमावता पुरुष आहे की बाई एकटी आहे. यांपैकी एकही प्रश्न आमच्या छापील यादीत नव्हता.

नवी प्रश्नावली या पाच प्रश्नांवर आणि घराच्या बांधणीच्या तीन प्रश्नांवर बेतली. छपाई १,४०० रुपये. चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यांचा क्रम स्वतंत्र ठेवला, म्हणजे दोन्ही क्रमांनी उत्तर काढून पडताळता येईल. चिठ्ठ्या बैठकीतच जमा करून घेतल्या. कोणाचे घर कोणत्या ढिगात होते ही यादी गावात फिरली असती तर मोठा अन्याय झाला असता.

२४ मार्च २०२३

होळी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात झाली आणि होळीसाठी माणसे गावी परततात. १३ मार्चपासून बारा दिवसांत चारही गावे पूर्ण केली. बंद घरे तुरळकच राहिली आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेलो. रोजंदारी ९,६००, गाडी १०,६०० रुपये.

या फेरीत ‘गेल्या पंधरा दिवसांत कोणी आजारी होते का’ हा प्रश्नही ठेवला होता. उत्तरे उलटी आली: बऱ्या स्थितीतल्या घरांनी अधिक आजार सांगितले. क्षणभर वाटले की आमचे सगळेच चुकले. पण हे जुने दुखणे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीतही पंधरा दिवसांतल्या आजारपणाचे प्रमाण ग्रामीण भागात ६.८ टक्के आणि शहरी भागात ९.१ टक्के आले होते. केरळचे लोक बिहारच्या लोकांपेक्षा अधिक आजार सांगतात, याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले होते. दवाखाना जवळ असतो आणि आजाराला नाव मिळालेले असते, तेव्हाच तो सांगता येतो. जिथे ताप अंगावर काढून कामावर जावे लागते तिथे तो आजार म्हणून मोजलाच जात नाही. विषमता मोजण्यासाठी हा प्रश्न आम्ही बाद केला. फळीवर मोजलेली उंची मात्र कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसते.

१२ एप्रिल २०२३

हिशेबाच्या आठवड्यात दोन चुका झाल्या आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली चूक अशी की संस्थात्मक (म्हणजे दवाखान्यात झालेले) बाळंतपण आणि खुजेपण या दोहोंचे केंद्रीकरण निर्देशांक शेजारी ठेवून ‘बाळंतपणात विषमता जवळपास उरलेली नाही’ असे मी अहवालाच्या मसुद्यात लिहिले. होय-नाही स्वरूपाच्या बाबींत या निर्देशांकाची मर्यादा सरासरीच ठरवते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. महाराष्ट्रात संस्थात्मक बाळंतपणांचे प्रमाण पाचव्या फेरीत ९४.७ टक्के आहे. तेव्हा उरलेली सर्व बाळंतपणे अगदी तळच्या घरांतच झाली तरी निर्देशांक ०.०५३ च्या पुढे जाऊच शकत नाही. खुजेपणाचे प्रमाण ३५.२ टक्के असताना तीच मर्यादा ०.६४८ आहे. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे म्हणजे वाटीने आणि हंड्याने मोजलेले पाणी एकाच मापाचे समजणे होते. वाक्य काढले.

दुसरी चूक गुणोत्तराची. देशपातळीवरचे ४६ आणि २३ घेऊन ‘गरिबांत खुजेपण दुप्पट’ असे लिहिले. हे खरे आहे. पण तीच माहिती उलट बाजूने मांडली, म्हणजे वाढ न खुंटलेली मुले ५४ व ७७ टक्के घेतली, तर गुणोत्तर सुमारे १.४ च येते. अंतर मात्र दोन्ही बाजूंनी २३ टक्के-बिंदूच राहते. कोणती बाजू दाखवायची यावर विषमता मोठी की लहान ठरत असेल तर वाचकाला दोन्ही दाखवल्या पाहिजेत. म्हणून आम्ही गटांतले अंतर मुख्य ठेवले आणि त्यासोबत एरेगर्स यांनी २००९ मध्ये सुचवलेला दुरुस्त निर्देशांक दिला, ज्यात सरासरीची चौपट करून केंद्रीकरण निर्देशांकाने गुणतात. बाजू उलटली तरी त्याचे परिमाण बदलत नाही, चिन्ह तेवढे बदलते. आमच्या दहा मुलांच्या उदाहरणात तो उणे ०.८८ येतो.

अनिश्चिततेची पट्टी (खरा निर्देशांक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ती) काढताना एका घरातली भावंडे स्वतंत्र मुले म्हणून धरली होती, त्यामुळे पट्टी फसवी अरुंद आली. घर हे एकक धरून हजार वेळा पुनर्नमुने काढल्यावर (म्हणजे त्याच घरांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठी टाकल्यासारखी निवड केल्यावर) ती रुंदावली, तरीही पूर्णपणे शून्याच्या खालीच राहिली. बायकांच्या चिठ्ठ्यांनी लावलेल्या क्रमावर उतार सर्वांत तीव्र दिसला, नव्या प्रश्नावलीवर थोडा कमी, आणि जुन्या वस्तूंच्या यादीवर जवळजवळ सपाट. मुले तीच होती, उंच्या त्याच होत्या. गरीब कोण हे ठरवण्याची पट्टी तेवढी बदलली होती. सूत्रांवर घालवलेल्या आठवड्यांपेक्षा बायकांसोबत चिठ्ठ्या लावण्यात गेलेल्या त्या चार दुपारी अधिक मोलाच्या ठरल्या, असे मी ठामपणे म्हणेन.

२ मे २०२३

गावांचे आकडे येथे छापत नाही, कारण ते आधी गावांसमोर ठेवायचे असे संमती घेताना कबूल केले होते. काल, १ मेच्या ग्रामसभेत, पहिल्या गावात ते मांडले. घरांची नावे नव्हती, फक्त पाच ढीग आणि प्रत्येकातली मुले. दर शंभर मुलांसाठी शंभर दाणे कागदावर चिकटवले होते आणि खुज्या मुलांचे दाणे लाल होते. निर्देशांक सांगण्याची गरज पडली नाही.

एका आजींनी तळच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारले की ही मुले तोडीवर असतात तेव्हा त्यांचा घरपोच आहार कोठे जातो. आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. स्थलांतराच्या काळात आहार मिळाला की नाही, हा प्रश्न आमच्या दोन्ही प्रश्नावल्यांत नव्हता. सरपंचताईंनी दूरच्या दोन पाड्यांसाठी वेगळी अंगणवाडी मागण्याचा ठराव लिहून घेतला.

एकूण खर्च ६०,७०० रुपये झाला. त्यातले २७,६०० रुपये फळ्या, पहिली प्रश्नावली आणि चुकीच्या महिन्यातली फेरी यांत वाया गेले. तीन महिन्यांचे काम साडेसात महिने चालले. उसनी आणलेली फळी परत केली आहे, विकत घेतलेली अंगणवाडीत ठेवली आहे आणि ताईंना सळईने तपासण्याची पद्धत शिकवली आहे. पुढची मोजणी दसरा आणि दिवाळीच्या मध्ये, गाड्या येण्यापूर्वी करायची आहे, आणि आजींचा प्रश्न नव्या प्रश्नावलीत पहिल्या क्रमांकावर टाकला आहे.